‘पिंपल्सची गोळी’ औषधात धरलीच नव्हती

केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं: ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’. त्याखाली निळ्या शाईत: मुलगी, वय १५, वजन ४६ किलो, आठ दिवस ताप, चार दिवस अंगभर पुरळ, कालपासून चेहऱ्याला सूज. निळ्या शाईतला सगळा मजकूर बरोबर होता. लाल शाईतला चुकीचा होता, आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्याच्यावरच विसंबून राहिलो.

(ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. औषधांची नावं, दिवसांचा हिशेब आणि आमच्या चुका तशाच ठेवल्या आहेत.)

आधीच्या आठवड्यात घडलं ते असं. ताप आला, घसा दुखू लागला, मानेत गाठी लागल्या. तिसऱ्या दिवशी घरच्या डॉक्टरांनी टॉन्सिलवरचा पांढरा थर पाहून अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनेट हे पेनिसिलीन गटातलं अँटिबायोटिक सुरू केलं. ते चालू असताना तिसऱ्या दिवशी छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, सेटिरिझिन दिलं आणि आईला सांगितलं, ‘हिला पेनिसिलीन चालत नाही, लक्षात ठेवा.’ त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या खुर्चीत मी असते तर मीही हेच केलं असतं. गोळी दिली आणि पुरळ आलं, मग गोळीनेच आलं, हा विचार इतका सहज येतो की त्याला विचार म्हणणंही जड जातं.

आमच्याकडे आली तेव्हा ताप ३९.२ अंश सेल्सिअस, नाडी १२८. चेहरा असा सुजलेला की आईने मोबाइलवरचा पंधरा दिवसांपूर्वीचा फोटो दाखवला तेव्हा ही तीच मुलगी हे पटायला क्षणभर लागला. सूज कपाळावर, डोळ्यांभोवती आणि कानांच्या पाळ्यांवर. पुरळ एकमेकांत मिसळून छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या असं अंदाजे ७० टक्के त्वचेवर पसरलेलं, पायांवर मध्येच जांभळट ठिपके. मान, काख, जांघ, तिन्ही ठिकाणी दीड ते दोन सेंटिमीटरच्या गाठी. यकृत बरगडीखाली तीन सेंटिमीटर लागत होतं.

त्वचेवर फोड नव्हते. बोटाने घासल्यावर साल सुटत नव्हती. डोळे स्वच्छ, तोंडात व्रण नाहीत, ओठ फक्त कोरडे पडून चिरलेले. केसपेपरवर हे ‘नाही, नाही, नाही’ सविस्तर लिहायचं, कारण लहान वयात औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन म्हटलं की डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचं. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली त्याचं वर्णन केलं ते सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांवरून. त्यात डोळे, तोंड, जननेंद्रियं यांची नाजूक त्वचा सोलवटते, अंगावरची त्वचा मरून सुटते. सुटलेली त्वचा शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते नाव, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. मुलांमध्ये तसंच चित्र मायकोप्लाझ्मा या जंतूमुळेही उभं राहतं, म्हणजे तिथे औषध निर्दोष असू शकतं. आमच्या मुलीत यातलं काही नव्हतं. म्हणून राउंडवर कोणीतरी ‘मग ठीक आहे’ असं म्हणालं. ते कोणीतरी म्हणजे मीच.

ठीक काही नव्हतं. दोन दिवसांपूर्वी बाहेर केलेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी ११,२०० आणि त्यातले इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पेशी) ४ टक्के होते, सरळ साधा रिपोर्ट. आमच्याकडे पांढऱ्या पेशी १९,६००, त्यात इओसिनोफिल ११ टक्के म्हणजे घनमिलिमीटरला दोन हजारांच्या वर, आणि १२ टक्के विचित्र दिसणारे, मोठे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार). यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी ४१२, म्हणजे नेहमीच्या कितीतरी पट. यकृत आणि मूत्रपिंडाच्या बाकीच्या तपासण्या ठीक.

ताप, घसा, गाठी, यकृत, विचित्र लिम्फोसाइट, आणि अमॉक्सिसिलीननंतर पुरळ. वैद्यकीय शिक्षणाच्या कुठल्याही टप्प्यावरच्या माणसाला याचं उत्तर पाठ असतं: एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग, ज्याला आम्ही मोनो म्हणतो. मोनो असताना अ‍ॅम्पिसिलीन गटातलं औषध दिलं तर पुरळ येतं, हा परीक्षेत विचारून विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न. म्हणजे आमच्याकडे एक नाही, दोन तयार उत्तरं होती. पेनिसिलीन अ‍ॅलर्जी, नाही तर मोनो. दोन्हींत गुन्हेगार औषध आधीच बंद झालेलं होतं, म्हणून घाई नव्हती. मोनोत चेहऱ्यावर एवढी सूज का आणि इओसिनोफिल एवढे का, या दोन प्रश्नांना आम्ही ‘बघू’ म्हणून बाजूला सारलं.

औषधांचा इतिहास घेतला नव्हता असं नाही. निवासी डॉक्टरने विचारलं होतं, ‘कुठली औषधं चालू आहेत का?’ आई म्हणाली, ‘नाही हो, औषध असं काही नाही.’ ‘कसली अ‍ॅलर्जी?’ ‘पेनिसिलीनची.’ दोन्ही उत्तरं लिहिली गेली. मुलीला कोणी विचारलं नाही. ती तापाने गळून डोळे मिटून पडली होती आणि तिच्या वतीने बोलायला आई होतीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंड संपवून निघत होतो तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर थांबल्या होत्या. ‘मॅडम, हिने काल रात्री आपल्या पाऊचमधून काढून एक कॅप्सूल घेतली. आपल्या चार्टवर नाही ती.’ पाऊचमध्ये फेसवॉश, कंगवा, रबरबँड आणि एक स्ट्रिप होती. मिनोसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक.

‘ही कसली गं?’

‘पिंपल्सची. रोज रात्री एक घ्यायची असते.’

‘आणि आम्ही विचारलं तेव्हा?’

‘तुम्ही आईला विचारलंत,’ ती म्हणाली. ‘आणि ती आजारासाठी नाहीये ना. चेहऱ्यासाठी आहे.’

दहाची एक याप्रमाणे तीन स्ट्रिप संपलेल्या आणि चौथीतल्या दोन रिकाम्या. ३२ कॅप्सूल, एकही चुकवलेली नाही. शेवटच्या दोन आमच्या वॉर्डात घेतलेल्या.

वॉर्डातल्याच एका कागदाच्या पाठीमागे आम्ही आडवी रेघ मारली. पहिली कॅप्सूल हा पहिला दिवस. चोविसाव्या दिवशी ताप. सव्विसाव्या दिवशी अमॉक्सिसिलीन. अठ्ठाविसाव्या दिवशी पुरळ. तिसाव्या दिवशी चेहऱ्याला सूज. एकतिसाव्या दिवशी आमच्याकडे. बत्तिसाव्या दिवशी शेवटची कॅप्सूल. आज तेहतिसावा.

रेघेकडे पाहिलं तर अमॉक्सिसिलीनचा बचाव तिथेच दिसतो. ताप आणि गाठी त्याच्या आधीच्या. ते दिलं गेलं तेच मुळी आजाराच्या पहिल्या खुणा दिसल्या म्हणून. आजार आधी सुरू झाला, त्याच्यासाठी दिलेलं औषध नंतर आलं, आणि पुरळ त्याच्यामागून आल्यामुळे बोट त्याच्याकडे गेलं. आगीच्या जागी बंब उभा दिसला म्हणून बंबानेच आग लावली म्हणावं, तसं. (पुढे एक खोच आहे: या आजारात अमॉक्सिसिलीन रिअ‍ॅक्शन भडकवू शकतं, त्यामुळे बंबात पाणीच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.)

आजाराचं नाव ड्रेस. इओसिनोफिलिया आणि शरीरातल्या इतर अवयवांना इजा यांसह येणारी औषधाची रिअ‍ॅक्शन, अशा लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून १९९६ साली फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी हे नाव सुचवलं. त्याआधी फिट्सच्या औषधांमुळे होणारा असाच प्रकार वेगळ्या नावाने ओळखला जात होता. त्याचं सगळ्यात फसवं वैशिष्ट्य म्हणजे वेळ. पित्त उठणं, धाप लागणं, घशाला सूज हे अ‍ॅलर्जीचे नेहमीचे प्रकार मिनिटांत किंवा तासांत होतात. साधं पुरळ एक-दोन आठवड्यांत येतं. स्टीव्हन्स-जॉन्सन साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत. ड्रेस मात्र औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी उगवतो. तोवर ते औषध ‘नवीन’ राहिलेलं नसतं. घरात त्याची सवय होऊन गेलेली असते. ‘इतके दिवस घेतेय, काही झालं नाही’ हे वाक्य इथे औषधाच्या बाजूचा पुरावा नसून त्याच्याविरुद्धचा आहे.

रेजिस्कार या युरोपीय गटाची गुणपद्धत वापरून त्या सकाळी गुण मोजले. एकापेक्षा जास्त जागी गाठी १, विचित्र लिम्फोसाइट १, इओसिनोफिल दीड हजारांवर म्हणून २, निम्म्याहून अधिक त्वचेवर पुरळ १, पुरळाचं स्वरूप आणि चेहऱ्याची सूज १, यकृत १. आजार पंधरा दिवसांहून जास्त चालतो की नाही हे अजून ठरलेलं नाही म्हणून वजा १. बेरीज ६, म्हणजे ‘निश्चित’. बायोप्सीवर चर्चा झाली आणि आम्ही ती टाळली. ड्रेसमध्ये बायोप्सी बऱ्याचदा ‘औषधाची रिअ‍ॅक्शन असू शकते’ एवढंच सांगते, आणि ते कळायला त्या वेळी कोणी सुईची वाट पाहत नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत एप्स्टीन-बार, हिपॅटायटिस ए, बी, सी, मायकोप्लाझ्मा, रक्ताचं कल्चर, एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते पाहणारी चाचणी), सगळं निगेटिव्ह आलं. फेरिटिन, म्हणजे शरीरात दाह भडकला की वाढणारं प्रथिन, १,१०० होतं. शरीर स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतं त्या हिमोफॅगोसाइटिक सिंड्रोमची भीती थोडा वेळ घोंगावून गेली, पण प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन टिकून होते.

मिनोसायक्लिन बंद. एवढं एक काम सगळ्या उपचारांत मोठं, आणि ते आमच्या हातून दोन दिवस उशिरा झालं. दोन दिवसांनी नेमका किती फरक पडला हे एका मुलीवरून सांगता येत नाही. पण मिनोसायक्लिन शरीरातून, विशेषतः त्वचेतून, सावकाश जातं. बंद केलं की नळ बंद झाला असं होत नाही.

स्टेरॉईडवरून त्वचारोगतज्ज्ञ आणि आमच्यात मतभेद होते. त्यांचं म्हणणं, लगेच द्या. मी म्हणाले, कल्चरचे ४८ तास होऊ द्या, तोवर त्वचेवर लावायचं स्टेरॉईड आणि मलम चालेल. सौम्य ड्रेस कधी कधी तेवढ्यावर आटोपतो, आणि तोंडातून स्टेरॉईड द्यावं याचा पुरावा बहुतेक जुन्या रुग्णांच्या नोंदींवर उभा आहे. माझा मुद्दा पुस्तकी होता आणि चोविसाव्या तासाला निकालात निघाला. चौतिसाव्या दिवशी एसजीपीटी ७८० झालं, कोरडा खोकला सुरू झाला, ऑक्सिजन ९२ टक्क्यांवर आला आणि छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात धूसर जाळी दिसली. फुप्फुस आणि हृदय हे मिनोसायक्लिनच्या ड्रेसचे खास आवडते अवयव. हृदयासाठी ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको केले, ते सुदैवाने ठीक निघाले. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिवसाला किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम, त्याच संध्याकाळी सुरू केलं.

सगळ्यात कठीण होतं ते न देण्याचं काम. ताप ३९, फुप्फुसात धूसरपणा, पांढऱ्या पेशी वीस हजारांच्या घरात, आणि हातात अँटिबायोटिक न घेता उभं राहायचं. ड्रेसच्या भरात शरीर नव्या औषधांवरही उखडू शकतं आणि एका रिअ‍ॅक्शनच्या जागी दोन औषधांची रिअ‍ॅक्शन होऊन बसते. ती संसर्गाने आजारी असल्याचा एकही ठोस पुरावा नव्हता, तेव्हा थांबलो. रात्री दर दोन तासांनी बघत राहिलो. तापासाठी अंग पुसणं आणि यकृताकडे बघून मोजकं पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नाही. ३६ तासांत ताप उतरला, चार दिवसांत ऑक्सिजन काढला. चेहऱ्याची सूज उतरताना आधी कानांवरून उतरली, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे. मग अंगावरची साल सुकून भुशासारखी गळू लागली.

त्रेचाळिसाव्या दिवशी घेतलेल्या रक्तात ह्युमन हर्पीस व्हायरस ६ चा डीएनए सापडला. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच भेटून जातो, लहान बाळांच्या तीन दिवसांच्या तापानंतर उठणारं गुलाबी पुरळ ते यानेच, आणि मग तो आयुष्यभर शरीरात निजून राहतो. ड्रेसमध्ये आजार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो जागा होतो. औषध बंद झाल्यावरही आजार का रेंगाळतो, मध्येच का उसळतो, याच्या उत्तराचा एक भाग या विषाणूत असावा असं मानतात. आम्ही विषाणूसाठी वेगळं औषध दिलं नाही. शेहेचाळिसाव्या दिवशी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर ती घरी गेली. तोवर पंधरा दिवस उलटले होते, फुप्फुसाचा गुण वाढला होता आणि बाकी कारणं वगळली गेली होती. रेजिस्कारची बेरीज ९.

दर आठवड्याला पाच मिलिग्रॅम कमी करायचं ठरलं होतं. अठ्ठावन्नाव्या दिवशी ती परत आली: ताप ३८.४, पोटावर पुन्हा पुरळ, ९६ वर उतरलेलं एसजीपीटी ३१०. ड्रेसमध्ये स्टेरॉईड भराभर कमी केलं की आजार उसळतो हे माहीत होतं, पण आमच्या हिशेबाने आम्ही भराभर केलंच नव्हतं. या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला एकटीला विचारलं. ती ३५ ऐवजी १५ मिलिग्रॅम घेत होती. गाल गोल व्हायला लागले होते. एक गोळी चेहऱ्यासाठी गुपचूप घेतली गेली, दुसरी चेहऱ्यासाठीच गुपचूप सोडली गेली, आणि दोन्ही वेळा आम्हाला उशिरा कळलं.

तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी तिला अठ्ठावन्न दिवसांची ती रेघ दाखवली, तिच्याच एसजीपीटीचे आकडे रेघेवर लिहिले आणि गाल कधी उतरतील हे खरं सांगितलं: स्टेरॉईड बंद झाल्यावर काही आठवड्यांनी, आज नाही. पुढच्या कमी करण्याच्या तारखा तिने स्वतः लिहून घेतल्या. मात्रा पुन्हा ४० वर नेली आणि या वेळी दोन-दोन आठवड्यांनी उतरवली. एकूण स्टेरॉईड चाललं चार महिन्यांच्या आसपास. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, रक्तदाब, साखर.

वडिलांचा प्रश्न रास्त होता. पिंपल्ससाठी एवढं औषध लागतं का? मुरुमं ही किरकोळ गोष्ट नाही. पंधराव्या वर्षी आरशासमोर उभं राहायची भीती वाटत असेल तर तो आजारच आहे, आणि व्रण राहण्याइतकी मुरुमं असतील तर तोंडातून अँटिबायोटिक देणं नियमात बसतं. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनी वावगं काही केलं नाही. मिनोसायक्लिनच का, हे मात्र मला विचारावंसं वाटतं. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) मुरुमांवर ते इतर उपचारांपेक्षा सरस असल्याचा पुरावा सापडला नाही आणि सुरक्षिततेची काळजी शिल्लक राहिली. त्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन असताना मी तरी आधी तिकडे वळले असते. आणि गोळी देताना एक वाक्य सांगायला हवं होतं: पहिल्या दोन महिन्यांत ताप, पुरळ किंवा तोंडावर सूज आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायला या.

हेच वाक्य लहान वयात ड्रेस घडवणाऱ्या बाकीच्या औषधांनाही लागतं. त्यांची यादी तशी छोटी आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन ही फिट्सची औषधं सर्वांत पुढे. मग सल्फा गट, डॅप्सोन, क्षयरोगाची औषधं, व्हँकोमायसिन. फिट्सच्या औषधांत आणखी एक सापळा असतो: फेनिटॉइनने रिअ‍ॅक्शन झाली म्हणून कार्बामाझेपिन दिलं तर पुन्हा तेच होण्याची शक्यता मोठी. घाईत व्हॅल्प्रोएटकडे वळावं तर यकृत आधीच सुजलेलं असतं. अशा वेळी लेव्हेटिरासिटॅम बरं पडतं. लॅमोट्रिजिनच्या माहितीपत्रकात तर मुलांमध्ये गंभीर पुरळाचं प्रमाण ०.३ ते ०.८ टक्के दिलेलं आहे, मोठ्यांपेक्षा जास्त, आणि व्हॅल्प्रोएटसोबत दिलं किंवा मात्रा भराभर वाढवली तर धोका वाढतो. म्हणून ते इतकं मुंगीच्या पावलांनी वाढवतात. पालकांना तो वेळकाढूपणा वाटतो.

साडेतीन महिन्यांनी, स्टेरॉईड अजून चालू असताना, आमच्या मुलीचं वजन तीन किलो उतरलेलं, हात थरथरणारे, नाडी ११६. स्टेरॉईडवर वजन उतरत नाही. टीएसएच मोजता न येण्याइतकं खाली, थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन एफटी४ वर, थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं पॉझिटिव्ह, म्हणजे थायरॉईड जास्त चाललेला. दोन महिन्यांनी नेमकं उलट, थायरॉईड मंदावलेला, टीएसएच ४८. आता ती थायरॉईडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, घेते. ड्रेस ओसरल्यावर आठवड्यांनी-महिन्यांनी थायरॉईड बिघडणं, कधी टाइप १ मधुमेह होणं, कधी हृदयाच्या स्नायूला सूज येणं, हे घडतं. तरुण रुग्णांत त्याकडे लक्ष ठेवलं नाही तर ‘आजारपणाचा थकवा’ म्हणून ते निसटून जातं. तिच्या बाबतीत निसटलं नाही, कारण डिस्चार्ज कार्डावर टीएसएचच्या तारखा आधीच टाकल्या होत्या. या प्रकरणात आम्ही वेळेवर केलेली ही एक गोष्ट. तहान, वारंवार लघवी, छातीत दुखणं, चालताना दम यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न बघता यायचं हेही सांगून ठेवलं.

आईने एकदा ओपीडीत विचारलं, ‘डॉक्टर, मी नाही म्हणाले म्हणून दोन दिवस गेले का हो?’

‘तुम्ही खोटं नाही बोललात. विचारणाऱ्यांनी अर्धाच प्रश्न विचारला.’

आता आमच्या वॉर्डात ‘औषधं चालू आहेत का’ असं विचारत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत तोंडातून काय काय गेलं, चेहऱ्यासाठी, केसांसाठी, वजनासाठी, झोपेसाठी, पाळीसाठी, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून, असं एकेक नाव घेऊन विचारतात, आणि बारा वर्षांवरच्या मुलांना आई-वडिलांना बाहेर बसवून पुन्हा विचारतात. वेळ लागतो. निवासी डॉक्टर कुरकुरतात.

तिला तेरा वर्षांचा एक धाकटा भाऊ आहे. त्याला नुकती मुरुमं यायला लागली होती आणि चौथ्या स्ट्रिपमधल्या आठ कॅप्सूल आता घरी कपाटात होत्या. ‘वाया कशाला घालवायच्या’ असा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. त्या कॅप्सूल आम्ही मागवून घेतल्या. सख्ख्या भावंडांत अशा रिअ‍ॅक्शनचा कल असू शकतो, म्हणून त्याच्याही केसपेपरवर मिनोसायक्लिन टाळा असं लिहून दिलं. तिच्या कार्डावर मिनोसायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन आणि टायगेसायक्लिन अशी चार नावं आहेत. शेवटचं मुद्दाम, कारण ते मिनोसायक्लिनपासूनच बनवलेलं आहे आणि ते देणाऱ्या आयसीयूतल्या डॉक्टरला पिंपल्सच्या गोळीची आठवण येणार नाही. डॉक्सिसायक्लिन तिला कदाचित चाललंही असतं. ते पाहण्याएवढी गरज नाही. मुरुमांवर आता बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन लावते.

राहिला लाल शाईचा मजकूर. पेनिसिलीनचा शिक्का आयुष्यभर महाग पडतो: पुढच्या प्रत्येक न्यूमोनियाला, प्रत्येक शस्त्रक्रियेला साध्या औषधाच्या जागी जड औषध. पण ड्रेस होऊन गेलेल्या मुलीला ‘घेऊन बघ’ असंही म्हणता येत नाही. संशय खरोखरच दाट असेल त्या औषधाची चाचणी तोंडातून कधीच करायची नसते, आणि अमॉक्सिसिलीनवरचा संशय मी वर म्हटलं तसा शून्य नव्हता. स्टेरॉईड थांबून सात महिने झाल्यावर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठीवर औषधाची पट्टी चिकटवून पॅच टेस्ट केली. अमॉक्सिसिलीन निगेटिव्ह. मिनोसायक्लिनही निगेटिव्ह. यातल्या दुसऱ्याने काही बदललं नाही, कारण ड्रेसमध्ये पॅच टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून औषध सुटत नाही, रेघ त्याच्याविरुद्धच आहे. पहिल्याच्या बाबतीत पुढे गेलो. त्वचेत टोचून उशिरा वाचायची चाचणी निगेटिव्ह, मग दाखल करून अगदी थोडी मात्रा, काही दिवस थांबून जास्त, मग पूर्ण. मध्ये-मध्ये इओसिनोफिल आणि एसजीपीटी. काही झालं नाही.

मी केसपेपरवरच्या लाल ओळीवर काट मारली, तारीख घातली, सही केली. पुढच्या भेटीला ती घरच्या डॉक्टरांची फाइल घेऊन आली. तिथे पहिल्या पानावर अजून ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’ होतं, आणि मिनोसायक्लिनचा उल्लेख कुठेच नव्हता. तिने माझ्याकडून पेन मागितलं.